बुसानचा संथ सूर

आमच्या वर्गांतील मुलींच्या वह्यांवर कोरियन गायकांचीं चित्रें दिसूं लागलीं, तेव्हां आम्ही प्रथम हंसलों व मागाहून थोडे रागावलों. ज्या भाषेंतील एक शब्द कळत नाहीं तींतील गाणीं यांना तोंडपाठ येतात, आणि आम्हीं नेमून दिलेली आठ ओळींची कविता मात्र येत नाहीं, याचें आम्हांस वैषम्य वाटे. तें आम्हीं एकदां बोलूनही दाखविलें. त्यावर एका विद्यार्थिनीनें अगदीं नम्रपणें विचारलें, "सर, तुम्ही त्यांतलं कधी काही ऐकलंय का?" आम्हीं ऐकलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तिनें एका चिठ्ठीवर एक नांव लिहून आणून दिलें. तें नाचून गाणाऱ्या प्रसिद्ध मंडळींपैकीं कोणाचें नव्हतें. 'से सू मी' असें कांहींसें चमत्कारिक नांव होतें. त्यांत गायिकेचें नांव दडलें आहे, हें आम्हांस पुढें कळलें.

संग्रहाचें नांव 'द लास्ट थिंग लेफ्ट', म्हणजे शेवटीं उरलेली वस्तु. तो २०२२ सालच्या मे महिन्यांत निघाला. रात्रीं उत्तरपत्रिका तपासतां तपासतां आम्हीं तो लावला, आणि थोड्याच वेळांत तांबडी पेन्सिल खालीं ठेवावी लागली. त्या आठवड्यांत तो किती वेळां ऐकला हें सांगावयास संकोच वाटतो. नाकावर चाळिशी चढल्यावर माणूस परक्या गाण्याच्या प्रेमांत पडतो, हें आमच्या कुटुंबास खरेंच वाटेना.

बुसान हें दक्षिण कोरियाच्या आग्नेय कोपऱ्यांतील मोठें बंदर. १९५० सालीं युद्ध पेटलें तेव्हां लक्षावधि निर्वासित येथें येऊन राहिले, व कांहीं काळ राजधानीही येथेंच होती. आज वस्ती तीस लाखांवर असली, तरी गाणाऱ्यास नांव कमवावयाचें तर सोलची वाट धरावी लागते. सोलमध्यें होंगिक विद्यापीठाच्या आसपासच्या लहानशा तळघरांत, १९९० नंतरच्या दशकांत, मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून गाणाऱ्या तरुणांचा एक पंथ निघाला. त्यासच 'इंडी' म्हणतात. ही मंडळी मात्र २०१२ सालीं बुसानलाच जमली व तेथेंच राहिली. चोई सुमी गाते, किम ब्युंग-ग्यू गिटार वाजवितो. गिटारची ती तऱ्हा मूळची कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची, १९६० च्या सुमारची. तींत वाद्याचा विद्युत्-ध्वनि पोलादी स्प्रिंगांतून खेळवून परत घेतात. तो थरथरत येतो, विहिरींत हांक मारल्यावर जसा ओला प्रतिध्वनि यावा तसा. बंदरांत राहणाऱ्यांस तो सूर जवळचा वाटला यांत नवल नाहीं. सुमीचा आवाज कोठेंही चढत नाहीं. शेजारच्या खोलींत कोणी काम करतां करतां गुणगुणत असावें असा तो आहे.

या संथपणामागें एक दुःख आहे. मंडळींतील पहिला ड्रमवादक कांग सेमिन हा पडून २०१६ सालीं त्याच्या मस्तकास जबर दुखापत झाली. मित्रांनीं दुसऱ्यास बसवून काम चालू ठेविलें, सेमिनचेंच नांव दिलेली एक लहान मुद्रिकाही काढली; पण तो मंडळींत परतला नाहीं. २०१८ सालच्या त्यांच्या संग्रहास, व त्यांतील 'ओल्ड टाउन' या गीतास, पुढल्या वर्षीं कोरियन संगीत पुरस्कारांत मान मिळाला. आणि त्याच २०१९ सालीं सेमिन वारला. 'द लास्ट थिंग लेफ्ट' हा त्यानंतरचा संग्रह.

आमचा एक सहाध्यायी गेल्या वर्षीं वारला. वसतिगृहांत चार वर्षें आम्हीं एक कंदील व एक शब्दकोश वांटून घेतला होता. त्याच्याविषयीं याच अंकासाठीं लिहावें म्हणून आम्ही तीन वेळां बसलों, आणि तीनही वेळां 'काळाचा घाला', 'कधीं न भरून येणारी पोकळी' असले शब्द लिहून कागद फाडून टाकले. हीं गाणीं ऐकतांना त्या फाडलेल्या कागदांची आम्हांस लाज वाटली. येथें कोणी ऊर बडवीत नाहीं. मित्र गेला, तरी सकाळ होते, वाद्यें जुळविलीं जातात, आणि त्याच्या जागीं बसलेला दुसरा मनुष्य ताल धरतो. एवढेंच ऐकूं येतें, आणि तें पुरतें.

दोष नाहींत असें नाहीं. मधल्या दोनतीन गीतांची चाल इतकी एकसारखी आहे कीं एक केव्हां संपलें व दुसरें केव्हां लागलें हें आम्हांस अजून सांगतां येत नाहीं.

पालक विचारतात, शब्दच कळत नाहींत तर मुलें ऐकतात तरी काय? प्रश्न रास्त आहे. पण नाट्यगीतांतील संस्कृत समास आपल्या वाडवडिलांपैकीं कितीकांस उलगडत होते? आणि तानेंत तर शब्दच नसतो. शिवाय या मंडळीचीं कांहीं गीतें इंग्रजींत आहेत. जीं कोरियन आहेत त्यांचा अर्थ त्या मुलीनें खटपट करून शोधला होता. कवितेचा अर्थ शोधावयास आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों, तें तिनें न सांगतां केलें. चित्रांवर व दागिन्यांवर पैसे उधळूं नयेत हें आम्हांस मान्य. त्यासाठीं गाण्यास दोष कां?

विद्यार्थ्यांशींही आमचें एक भांडण आहे. गाण्याचा अर्धा मिनिटाचा तुकडा ऐकून तुम्ही पुढें जातां. हा संग्रह तसा ऐकला तर हातीं कांहींच लागणार नाहीं. तो पहिल्यापासून ऐकावा. शेवटचें गीत 'जॉर्ज अँड जॅनिस' हें, त्यांच्या मुद्रिका काढणाऱ्या लंडनच्या लहानशा कंपनीच्या चालक दांपत्याच्या विवाहासाठीं रचलेलें आहे. इतका शोक वाहून आणल्यावर ही मंडळी लग्नघरीं येऊन थांबते. तेथवर जो सगळी वाट चालून येतो त्यासच त्या मांडवाची ऊब कळते.

त्या मुलीस चिठ्ठी परत करतांना आम्हींही मागील बाजूस एक नांव लिहून दिलें आहे: बालगंधर्व. तिनें ऐकलें कीं नाहीं, हें अद्याप समजलें नाहीं. सहाध्यायाविषयींचा लेख चौथ्यांदां लिहावयास घेतला आहे.