नवख्यांचा पॅच

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्‌सने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. ती फार मोठी वगैरे होणार नाही, हेही सांगून टाकले. तोच दिवस त्या लिनक्सचा वाढदिवस मानला जातो. खिशातल्या अँड्रॉइड फोनपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपर्यंत तिचाच कर्नल चालतो. तेव्हा नवख्यांनी अशा कामात पडू नये, असे आज म्हणायला जीभ रेटत नाही.

तरीही २०२४च्या फेब्रुवारीत जे घडले ते विसरता येत नाही. ‘एक्सप्रेस’ या नावाजलेल्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्ककडे पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, धडाधड येऊ लागल्या. उघडून पाहावे तर ‘रीडमी’ फाइलमध्ये कुणीतरी आपले नाव घातलेले, बाकी काही नाही! पाठवणारे बरेचसे भारतीय विद्यार्थी. गिट शिकवणाऱ्या एका व्हिडिओत नमुना म्हणून हाच प्रकल्प दाखवला होता. २०२०च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमातही पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना मिळणाऱ्या फुकट टी-शर्टपायी असाच पूर आला होता. पोरांना हसणे सोपे आहे. पण गिटहबवर योगदानाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन म्हणजे कर्तबगारी, हे त्यांच्या डोक्यात भरवले कोणी? त्या बदलांपायी वेळ जातो तो प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, आणि तो बहुधा नोकरी सांभाळून, बिनपगारी हे काम करत असतो.

लिनक्सच्या कर्नलने मात्र नवख्यांसाठी जागा राखली आहे. ‘स्टेजिंग’ या डिरेक्टरीत अजून पुरते न रुळलेले ड्रायव्हर असतात आणि बहुतेकांसोबत उरलेल्या कामांची ‘टूडू’ फाइल असते. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चुकलेली स्पेसही दाखवते. तेवढे दुरुस्त करून पाठवले तरी पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, परत येऊ शकतो: बदल का केला, ते नीट लिहा. खरे शिक्षण इथे सुरू होते. कोड चालतो, एवढे पुरत नाही. वाचणाऱ्याला तो पटावा लागतो.

शिवाय नवख्याकडे एक गोष्ट असते जी जुन्यांकडे उरलेली नसते. इन्स्टॉल करताना माहितीपत्रकातल्या कोणत्या पायरीवर गाडी अडली, ते त्यालाच ठाऊक असते. कुणी नोंदवलेला बग कोणत्या आवृत्तीवर, नेमके काय केल्यावर पुन्हा दिसतो, एवढे तपासून लिहिले तरी सांभाळणाऱ्याचे निम्मे काम हलके होते. त्याचा हिरवा चौकोन उमटेलच असे नाही. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यंदा प्रोजेक्टचे गुण देताना स्वीकारलेल्या पुल रिक्वेस्टबरोबर अशी एखादी नोंदही मागून पाहावी.