मूठ बाभळीची, घाम घिसाड्याचा

परभणी जिल्ह्यात आठवडी बाजाराला जा. घिसाडी बाप सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, आई घण मारते, विळा घडतो. मुठीला वाळलेली बाभूळच का? ओलं लाकूड नंतर आकसतं, मूठ सैल होते, पातं निसटून हात कापतो. हे विज्ञानच आहे. पण कागद नाही, म्हणून हा कारागीर 'अडाणी'! वर उपदेश: 'पारंपरिक कला जपा.' कुणाच्या सोयीसाठी? जात माणसाला जन्मानेच धंद्याला जखडते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवलं. मित्रांनो, भटक्यांच्या कौशल्याला प्रमाणपत्र आणि रास्त दाम मागा, पालातल्या लेकरांना शाळा मागा. भाता ओढायचा की नाही, हे ते लेकरू ठरवेल, त्याची जात नाही. जयभीम!