हरणाचं मटण, शलगम आणि ‘ओन्ली व्हेज’चा बोर्ड

परदेशी कुकिंग शो बघणाऱ्यांना ‘व्हेनिसन’ हा शब्द ठाऊक असतो. व्हेनिसन म्हणजे हरणाचं मांस. जाड बुडाचं भांडं, त्यात गाजर, छोटे कांदे, शलगम, आणि दोन-अडीच तास मंद आच. शेवटी शेफ काट्याने तुकडा सहज तोडून दाखवतो आणि म्हणतो, बघा किती मऊ! आपल्याकडे हे कुणी करून दाखवू शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट, चितळ, सांबर मारणं तर गुन्हा आहेच, त्यांचं मांस घरात सापडणं हाही गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. हरीण जंगलात राहावं, पातेल्यात नको, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका दुसऱ्याच गोष्टीची आहे. एकच मांस एकाच्या ताटात ‘वारसा’ आणि दुसऱ्याच्या ताटात ‘पुरावा’ कसं होतं?

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-उस्मानाबादच्या शेजारचं. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या ताटातले पदार्थ आहेत. हरीण आहे, रानडुक्कर आहे, कासव आहे आणि शेतातला उंदीरही आहे. अभ्यासक या ग्रंथाचं कौतुक करतात, आणि तो कौतुकाचा आहेच. पण तोच शेतातला उंदीर बिहारमधल्या भूमिहीन मजुराने भाजून खाल्ला, तर त्यावरून त्याच्या अख्ख्या जातीचं नाव पडलं: मुसहर. राजाने खाल्ला तर ग्रंथ झाला, मजुराने खाल्ला तर जात.

शिकारीचंही तसंच. संस्थानिकांच्या वाड्यांत शिंगांच्या रांगा अजून भिंतीवर आहेत. कोल्हापूर संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरण्याची शिकार प्रसिद्ध होती. राजस्थानी राजवाड्यांतलं ‘जंगली मास’ आजही दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर शिकारी राजांची गोष्ट सांगत मिरवतं. आत अर्थात बोकडच असतो, नाव तेवढं जंगलाचं. आणि ज्यांना शिकारीची खरी विद्या होती, फासा लावणं, माग काढणं, ते फासेपारधी? त्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. देशाला तो कायदा रद्द करायला १९५२ उजाडलं. पुढे वीस वर्षांत वन्यजीव कायदा आला आणि पारध्याचं पोट पुन्हा गुन्ह्याच्या यादीत गेलं. दुसरा धंदा, जमीन, शाळा यांची सोय त्याबरोबर आली नाही.

१९९८ मध्ये जोधपूरजवळच्या कांकाणी गावात काळवीट मारल्याच्या खटल्यात एका नटाला २०१८ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन रात्री तुरुंगात काढून तो जामिनावर बाहेर आला. जामीन मिळणं हा त्याचा हक्क आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पालावर राहणाऱ्या माणसाच्या जामिनाचे कागद इतक्या लवकर कोण तयार करतं, एवढंच विचारायचं आहे.

आता दिल्लीत या. सरोजिनी नगर म्हटलं की लोकांना स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. पण ही मुळात केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. जुने दुमजली क्वार्टर पाडून आता तिथे टोलेजंग इमारती उभ्या राहात आहेत. अशा क्वार्टरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घर पगाराच्या श्रेणीवर आणि ज्येष्ठतेवर मिळतं. वाटप करणारा अर्ज तुम्ही काय खाता हे विचारत नाही. मुखर्जी नगर किंवा राजेंद्र नगरमध्ये खोली शोधत फिरलेल्या आपल्या पोरापोरींना या न विचारण्याची किंमत कळेल. तिथे घरमालक आधी आडनाव विचारतो. त्यावरून अंदाज येत नसेल तर पुढचा प्रश्न, ‘नॉनव्हेज तो नहीं बनाते?’ ‘ओन्ली व्हेज’ हा बोर्ड जातीचा उल्लेख न करता जात विचारायची सोय आहे. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत पंधरा वर्षांवरचे सुमारे ७१ टक्के भारतीय मांसाहारी निघाले. मग हे सगळे घरमालक उरलेल्या २९ टक्क्यांतलेच असतात की काय, देव जाणे!

पण क्वार्टर मिळाला म्हणून सगळं मोकळं होतं असंही नाही. सरोजिनी नगरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आयएनए मार्केट आहे. केरळी, बंगाली, ईशान्येकडचे लोक आपापल्या गावची चव शोधत तिथे येतात. मासळी, मटण, डुकराचं मांस सगळं मिळतं. एप्रिल २०२२ मध्ये नवरात्रात मटणाची दुकानं बंद ठेवावीत असं पत्र दक्षिण दिल्लीच्या तेव्हाच्या महापौरांनी काढलं आणि या मार्केटमधली शटर खाली आली. त्याच आठवड्यात, रामनवमीला, जेएनयूच्या कावेरी वसतिगृहात रात्रीच्या जेवणातल्या मांसाहारावरून हाणामारी झाली. वरून काही होवो, त्याहून मला टोचतं ते आपलं स्वतःचं वागणं. रविवारी मटण शिजताना खिडक्या लावून घेणारी, शेजारच्या बाई आल्या की कुकरवर झाकण ठेवून उदबत्ती पेटवणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या पिढीतले अधिकारी, दोन-दोन पदव्या. डब्यात मात्र कायम बटाट्याची भाजी.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच सोडायला सांगितलं होतं ना? मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, कारण मेलेलं ढोर ओढणं आणि त्या बदल्यात ते खाणं ही गावकीची गुलामी होती. मांसाची लाज बाळगा असं ते म्हणाले नाहीत. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर त्यांनी वैदिक काळातल्या गोमांसभक्षणाची चर्चा करून अस्पृश्यतेचं मूळ या ताटाच्या राजकारणात शोधलं. गुलामीचा घास सोडणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या नाकासाठी घास लपवणं वेगळं. पहिल्यात मान होता.

आणि तो परदेशी शेफ ज्या मऊपणाचं कौतुक करतो, ती विद्या तर आपल्या आयांची आहे. हरणाच्या मांसाला चरबी फार थोडी, म्हणून ते घाईत चिवट होतं. आपल्या घरांत येणारं मांसही बरेचदा तसंच असायचं: म्हाताऱ्या बकरीचं, नळीचं, मानेचं. स्वस्त म्हणून मिळालेलं. त्यातला चिवटपणा घालवायला आमच्याकडे कच्च्या पपईचा कीस मीठ-हळदीबरोबर अर्धा तास चोळून ठेवत. पपईतलं पाचक द्रव्य मांसाचे धागे सैल करतं. जास्त झालं किंवा जास्त वेळ ठेवलं तर मात्र लगदा. मग तेलात कांद्यावर परतायचं, आधणाचं पाणी घालायचं आणि चूल मंद करून विसरून जायचं. नळी-मानेतल्या शिरांचा गोंद व्हायला वेळ लागतो, त्यानेच रस्सा ओठाला चिकटतो. कुकरच्या पाच शिट्ट्यांत मांस शिजतं, हा चिकटपणा तेवढा येत नाही.

भाजी का घालायची? कारण अर्धा किलो मटण आणि खाणारी आठ माणसं. वांगं, शेवग्याच्या शेंगा, बटाटा, मेथी, चुका, जे हाताला लागेल ते. शेफ ज्याला रचना म्हणतो तो आपल्याकडे हिशेब होता, आणि त्यात गोड मानून घ्यायचं काही नाही. पण हिशेबातूनही चव सापडली. बटाटा मटण पाऊण शिजल्यावर पडतो, शेंगा त्यानंतर, आणि चुका किंवा चिंचेचा कोळ अगदी शेवटी. आंबट आधी पडलं की बटाटा काही केल्या मऊ होत नाही. हे आईने रसायनशास्त्र न शिकता सांगितलं होतं. दिल्लीच्या हिवाळ्यात वांग्याऐवजी शलगम घ्या. इथल्या मुसलमान घरांतलं शलगम-गोश्त त्याच कुळातलं आहे, आणि येसर घातला तर मराठवाड्याच्या रश्श्याशी त्याचं छान जमतं. मऊ मटण खायला हरीण लागत नाही.

हे सगळं लिहिलेलं कुठे आहे? शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली, चान्यांपासून येसरापर्यंत. शीर्षकातच टोला आहे. पुढे ते इंग्रजीतही गेलं. पण हा एका प्रदेशातल्या दोन जातींचा स्वयंपाक झाला. कैकाडी, वडार, पारधी, ढोर, होलार, गोंड, कोरकू यांच्या चुली कोण लिहिणार? बाहेरून संशोधक येईपर्यंत थांबलं तर पपई किती, आच किती, हे सांगणारं माणूस राहणार नाही. आपण पदवीच्या प्रबंधाला दुसऱ्यांचे संदर्भ गोळा करत दोन-दोन वर्षं घालवली. आईचं ‘अंदाजानं घाल’ म्हणजे नक्की किती, हे मोजायला एक रविवार आणि एक चमचा पुरतो. फोन स्पीकरवर ठेवा, खिडकी उघडी ठेवा. आयएनएत खांद्याचं मटण मागा, मांडीचं नको. ते कोरडं पडतं.