अर्ध्यावर राहिलेली फियाट

जुनी गाडी हौसेने दुरुस्तीला काढायची आणि काम मध्येच अडकायचं, हे आपल्याकडे नेहमीचं. पैसे संपतात, मिस्त्री गावी निघून जातो, कधी मालकच जातो. मग गाडी विकायला निघते आणि घरचे बिलांची फाईल पुढे करतात. एवढा खर्च झालाय, तेवढे तरी सुटायला हवेत ना? त्यांची तळमळ कळते. तरीही भाव त्या फायलीतून काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

अलीकडेच नाशिकला अशी एक गाडी बघितली. पन्नाशीच्या दशकातली फियाट 1100, पुढची दारं उलटी उघडणारी, जिला सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मालक वारलेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या, ‘‘तुम्हीच सांगा, किती मागू? जास्तीचे नकोत, पण कुणी फसवायलाही नको.’’

बॉडीवर प्रायमर मारलेला, लांबून झकास दिसत होती. मी चुंबक लावून बघितलं. छतावर, बॉनेटवर घट्ट चिकटलं. दाराखालच्या पट्टीवर आलं आणि गळून पडलं. आत नुसती पुट्टी. या गाडीला वेगळी चेसिस नसते, सगळा भार बॉडीच पेलते. दाराखालचा पत्रा कापताना आतून टेकू दिला नाही, तर बॉडी बसते. इथे तेच झालं होतं; डावीकडचं दार उचलून धरल्याशिवाय लागतच नव्हतं. फायलीतलं सगळ्यात मोठं बिल नेमकं याच कामाचं. आता ते उखडून पुन्हा करायचं, म्हणजे त्या बिलामुळे गाडीची किंमत वाढलेली नाही, उलट घटली आहे.

इंजिनाची गोष्ट वेगळी. हँडल घातलं, सहज फिरलं, आणि चारही सिलिंडरचा दाब हाताला जाणवला. बोअर करून नवे पिस्टन टाकलेले, लेथवाल्याने मापं कागदावर लिहून दिलेली. हे काम घेणाऱ्याला पुन्हा करावं लागणार नाही. त्याचे पैसे काकूंना पुरते मिळाले पाहिजेत.

हिशेब उलटीकडून करावा. अशीच तयार, चालती गाडी आज कितीला जाते, तिथून सुरुवात करायची. त्यातून राहिलेल्या कामाचा खर्च वजा, आणि थोडे जोखमीचे, कारण पत्रा उघडला की काम वाढतंच. समजा, तयार गाडी 8 लाखांची, काम 4 लाखांचं, जोखमीचे 1 लाख. मग 3 लाख रास्त. फायलीत 5 लाखांची बिलं असोत की 50 हजारांची.

कागदपत्रांचंही मोल असतं. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. बॉडीत, चेसिसमध्ये किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणून गाडीवर ठोकलेले नंबर आणि आरसी बुकातले नंबर मी ताडून बघितले. जुळले. आरसी मात्र काकूंनी आधी वारस म्हणून स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवी.

भिंतीशी खोकी रचलेली होती. ग्रिल, दिव्यांच्या कडा, हबकॅप, मीटर. प्रत्येक पिशवीवर मालकांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘उजवं मागचं दार, कडी’. इंजिनाचं सामान एक वेळ मिळेल, कारण त्याच घराण्यातलं इंजिन पद्मिनीत कितीतरी वर्षं चाललं. डुक्कर फियाटचं अख्खं ग्रिल शोधायला मात्र गिऱ्हाईक चोर बाजार पालथा घालतं. पुट्टीवर बोट ठेवून भाव पाडणारा माणूस ग्रिल बघून गप्प बसत असेल, तर तीही फसवणूकच. दोन्ही बाजू बोलून दाखवल्याशिवाय आकडा रास्त होत नाही, मग घेणारा कितीही जाणकार असो.

नुसतं ग्रिल आणि दिवे मागायला दोघे येऊन गेले होते, रोख पैसे घेऊन. मी काकूंना सांगितलं, एकही खोकं वेगळं विकू नका. ते गेलं, तर ही गाडी पुरी करायला कुणी धजणार नाही आणि उरलेल्या पत्र्याला भंगारवाला देईल तोच भाव.