द्राक्षे रेग्वाची, नाव बंदराचे

पोर्तुगालचे नाव निघाले की गोमंतकीय माणसाला लिस्बन आठवते; फार तर पोर्तो किंवा कुइंब्रा. त्या देशाच्या उत्तर भागात दोउरो नदीच्या उजव्या काठी वसलेले पेझु द रेग्वा हे बाजारगाव आमच्याकडे कुणाच्या गणतीत नाही. साडेचारशे वर्षे ज्यांची सत्ता सोसली, त्यांच्याच कष्टकऱ्यांची ही अनोळख नवलाची मानण्याचे कारण नाही. राज्यकर्ता दिसतो, त्याच्या घरचा कुळवाडी सहसा दिसत नाही. परंतु फेणीच्या नावाचा अभिमान मिरवणाऱ्या आमच्या राज्याने या गावाची हकीकत जाणून घेणे अगत्याचे आहे.

जगभर 'पोर्ट' म्हणून विकले जाणारे गोड, कडक मद्य या खोऱ्यातील द्राक्षांचे. पाटीच्या दगडाचे उभे डोंगर फोडून, त्यांवर दगडी ताली रचून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे वेली लावल्या. माती अशी तेथे फारशी नव्हतीच, ती खडक फोडून करावी लागली. उन्हाळ्यात रणरणते ऊन आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. असे पिकवलेले मद्य पिंपांत भरून राबेलु नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांवर चढत असे आणि खडकाळ ओघातून वाट काढीत सुमारे शंभर किलोमीटर खाली, पोर्तोसमोरच्या व्हिला नोव्हा द गाया येथील वखारींत पोचत असे. (आपला मराठी 'पिंप' हा शब्दही पोर्तुगीज 'पिपा'चाच वंशज, एवढा ऋणानुबंध नोंदवून ठेवावयास हरकत नाही.) १८७९ मध्ये रेल्वे रेग्वापर्यंत आली. वखारी मात्र गायातच राहिल्या, आणि ज्या मद्याला डोंगराचे नाव शोभले असते त्याला बंदराचे नाव चिकटले.

१७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज मद्यावरील इंग्लंडची जकात फ्रेंच मद्यापेक्षा एकतृतीयांशाने कमी झाली आणि पोर्तोतील इंग्रज व्यापाऱ्यांचे दैव उघडले. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झाडाची फळे मिसळली जाऊ लागली. पुढे भाव कोसळले आणि शेतकरी बुडाला. तेव्हा १७५६ मध्ये पोर्तुगालचा सर्वसत्ताधीश मंत्री पोंबाल याने एक कंपनी स्थापून व्यापार तिच्या हाती दिला, द्राक्षभूमीची सीमा आखून तीनशेहून अधिक दगडी खांब रोवले आणि ती फळझाडे मुळासकट उपटविली. पिकाच्या प्रदेशाची कायद्याने सीमा आखून त्याच्या नावाचे रक्षण करण्याचे जगातील हे एक अगदी आरंभीचे उदाहरण होय. मात्र पुढच्याच वर्षी पोर्तोत या कंपनीविरुद्ध दंगल उसळली आणि पोंबालने अनेकांना फासावर चढविले. नाव राखणारा हात आणि दोर ओढणारा हात एकच होता, हे त्या खांबांचे कौतुक करताना विसरून चालणार नाही.

यानंतरचा सारा इतिहास म्हणजे डोंगर आणि वखार यांमधील ओढाताण आहे. १९२६ च्या कायद्याने पोर्टची निर्यात गायाच्या वखारींतूनच व्हावी असे ठरले. म्हणजे ज्याने वेल लावली, द्राक्षे तोडली, तुडवली, त्याला आपले मद्य आपल्याच दारातून परदेशी धाडता येईना. हा निर्बंध १९८६ मध्ये, पोर्तुगाल युरोपीय आर्थिक समुदायात गेला तेव्हा सुटला. साठ वर्षे हा थोडाथोडका काळ नव्हे.

या काळात शेतकऱ्याच्या पाठीशी जी संस्था उभी राहिली ती 'काझा दु दोउरो', म्हणजे दोउरोचे घर. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय रेग्वातच. तिने प्रत्येक मळ्याची नोंद केली. उंची, उतार, जमीन, वेलीचे वय, जात अशा कसोट्यांवर त्याला गुण व श्रेणी देण्याची पद्धत लावली आणि उरलेला माल विकत घेऊन भाव सावरला. ज्या वर्षी सालाझार पंतप्रधान झाला त्याच वर्षी ही संस्था जन्मली. गोमंतकाचा गळा आवळणाऱ्या त्या राजवटीविषयी आम्हांस यत्किंचितही ममत्व नाही. सभासदत्व तिने सक्तीचे केले, नेमणुकांवर पकड ठेवली. तरीही लहान शेतकऱ्याला व्यापाऱ्यासमोर बसण्यास एक खुर्ची मिळाली, हे सत्य उरतेच. दुर्दैव असे की लोकशाही आल्यावर ती खुर्ची शाबूत राहिली नाही. १९९० मध्ये या संस्थेने एका मोठ्या मद्य कंपनीचे चाळीस टक्के भाग विकत घेतले आणि ती कर्जात रुतली. २०१४ मध्ये तिचा सार्वजनिक दर्जाच सरकारने काढून घेतला. २०२४ च्या कायद्याने तो परत मिळाला, पण मधल्या दहा वर्षांत रेग्वाच्या शेतकऱ्याच्या वतीने अधिकाराने बोलणारे घर बंदच होते.

त्या वर्षांची किंमत आज दिसते आहे. खोऱ्यातील किती रस मद्यार्क घालून पोर्ट करावयाचा याचा आकडा दरवर्षी ठरतो. त्याला 'बेनेफिसियु' म्हणतात. २०२३ मध्ये तो १,०४,००० पिंपे होता, २०२४ मध्ये ९०,००० आणि २०२५ मध्ये ७५,०००. पिंप ५५० लिटरांचे. दोन वर्षांत पाव हिश्श्याहून अधिक कपात! या आकड्याबाहेर पडलेल्या द्राक्षांना पुष्कळदा मशागतीचा खर्चही भरून निघत नाही. त्यातही डाचणारी गोष्ट अशी की, पोर्टमध्ये सुमारे पाचवा हिस्सा असतो तो द्राक्षांच्या मद्यार्काचा, आणि हा मद्यार्क बहुतांशी खोऱ्याबाहेरून येतो. घरची द्राक्षे वेलीवर ठेवून परक्याचा अर्क विकत घ्यावयाचा! तो खोऱ्यातच गाळावा ही शेतकऱ्यांची मागणी आम्हांस सर्वथा रास्त वाटते. २००१ पासून हे खोरे जागतिक वारसा आहे, नदीतून पर्यटकांच्या नौका फिरतात, पोंबालच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत देखणे संग्रहालयही आहे. पण ज्या ताली पाहण्यास लोक येतात त्या रचणाऱ्याचा मुलगा गाव सोडून गेला, तर त्या ढासळल्यावाचून राहणार नाहीत.

काजू आमच्याकडे पोर्तुगीजांनीच आणला. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशन मिळाले, २०१६ मध्ये ती राज्याचे वारसा-पेय ठरली. म्हणजे आमचेही खांब रोवून झाले. पण त्या खांबांच्या आत सत्तरी, सांगे, काणकोण येथील डोंगरउतारावर बोंडू वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडते, हा प्रश्न समारंभांत कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. शिवाय आमच्या दुकानांत 'पोर्ट' या नावाची जी गोड बाटली पर्यटक 'गोव्याची खास' म्हणून घेऊन जातात, तिची द्राक्षे घाटापलीकडची आणि नाव रेग्वाच्या शेतकऱ्याच्या कष्टाचे. फेणीचे नाव कुणी चोरू नये असे आग्रहाने सांगणाऱ्यांनी या बाटलीकडे एकदा पाहावे.

पुढल्या हंगामासाठी अबकारी खाते काजूच्या झोनांची पावणी करील. त्याआधी सरकारने बागायतदार, बोंडू वेचणारे व भट्टीवाले यांना समोरासमोर बसवून बोंडवांच्या भावाचा निर्णय करावा, आणि तो पावणीच्या अटींत लिहून घ्यावा. दुकानातल्या 'पोर्ट'चे काय करावयाचे, तेही त्याच बैठकीत ठरविता येईल.