शिलाई मशीन घ्यायला जाताना चार कापडे बरोबर न्या



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खते आणि फवारणीचे पंप यांविषयी बोलतो. आजचा विषय घरातला आहे, पण त्याला लागणारा पैसा शेतातूनच येतो. कापूस किंवा सोयाबीन विकून चार पैसे हाती आले की पुष्कळ घरांत शिलाई मशीनची गोष्ट निघते. लेकरांचे गणवेश, पोलकी, परकर, उसवलेल्या पिशव्या यांसाठी शिंप्याकडे जाणारा पैसा वाचावा, जमल्यास शेजारपाजारचे काम मिळून मीठमिरचीचा खर्च सुटावा, असा हिशोब असतो. हिशोब चुकीचा नाही. चूक होते ती मशीन निवडताना.

बहुतेक घरांत मशीनची खरेदी कोण करतो? घरधनी तालुक्याला जातो किंवा भाऊ शहरातून पाठवतो. ज्या बाईला त्यावर बसायचे आहे, ती मशीन प्रथम पाहते ते खोके फोडल्यावर. बैल घेताना आपण त्याला चालवून पाहतो, दात पाहतो, खांदा पाहतो. मग दहा-बारा हजारांचे यंत्र खोक्यावरचे चित्र पाहून का घ्यावे? या लेखातली पहिली आणि महत्त्वाची सूचना हीच : जिने शिवायचे, तिनेच दुकानात बसून मशीन चालवून पाहावे आणि पसंत-नापसंत तिनेच सांगावी.

मधल्या दराचे मशीन म्हणजे कोणते?

बाजारात ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. पहिले ते आपले जुने ओळखीचे काळे, लोखंडी, हाताने किंवा पायाने चालणारे मशीन. ते फक्त सरळ टीप मारते, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सर्वांत वरच्या पायरीला पडदा आणि बटणे असलेली, भरतकाम करणारी महाग मशिने. या दोहोंच्या मध्ये पांढरी, सुटसुटीत, विजेवर चालणारी मशिने येतात. ती सरळ टीप मारतात, नागमोडी म्हणजे झिगझॅग टीप मारतात, काज करतात आणि चकती फिरवून टाक्याचा प्रकार बदलता येतो. पुढचा कप्पा काढला की बऱ्याच मशीनचा हात मोकळा होतो. त्यावर बाही, पायजम्याची मोहरी किंवा लहान मुलाचे झबले सहज चढते. आज विचार करायचा आहे तो या मधल्या मशीनचा.

खोक्यावर 'इतके टाके, तितके टाके' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्याला भुलू नये. घरकामात नेहमी लागतात ते चारच : सरळ टीप, कापडाची कड उसवू नये म्हणून झिगझॅग, काज, आणि ताणणाऱ्या कापडासाठी तुटक नागमोडी टाका. बाकीची वेलबुट्टी पहिल्या आठवड्यात हौसेने काढून पाहिली जाते आणि पुढे कोणी तिकडे फिरकत नाही. त्या वेलबुट्टीसाठी हजार-दोन हजार जास्त मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या कात्रीत, सुयांत आणि इस्त्रीत घालावेत.

उगवण तपासा, मग पेरा

सोयाबीनचे घरचे बी पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगे समजतो. पिशवीवरचे चित्र पाहून कोणी पेरत नाही. मशीनचीही अशीच उगवण तपासायची असते आणि त्यासाठी आपले कापड आपण बरोबर न्यायचे. दुकानदार दाखवतो तो कडक, सपाट कापडाचा तुकडा. त्यावर कोणतेही मशीन सरळच शिवते.

पिशवीत चार तुकडे घ्या : जुन्या सुती साडीचा पातळ तुकडा, मांजरपाटाचा तुकडा, पोलक्याचे कापड अस्तरासह, आणि जुन्या जीनच्या पँटची दुमडलेली मोहरी. बरोबर दोन रंगांचे दोरे घ्या, एक लाल आणि एक पांढरा.

आता परीक्षा. लाल दोरा वर सुईत ओवा, पांढरा खाली बॉबिनमध्ये भरा. शिलाई मशीनचा टाका म्हणजे वरचा आणि खालचा दोरा यांची गाठ. ही गाठ कापडाच्या दोन थरांच्या मध्ये लपली पाहिजे. मांजरपाटाची दुहेरी घडी घालून वीतभर टीप मारा. वरून फक्त लाल आणि खालून फक्त पांढरा दोरा दिसला तर ताण बरोबर आहे. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त झाला, खाली लाल ठिपके दिसले तर वरचा ताण कमी पडला. ताणाची चकती थोडी फिरवून हा दोष लगेच गेला पाहिजे. फिरवूनही जात नसेल तर ते मशीन बाजूला ठेवा.

दुसरी परीक्षा टाक्याच्या लांबीची. चकती अडीचवर, म्हणजे अडीच मिलिमीटरवर ठेवा. एका इंचात साधारण दहा टाके मोजता आले पाहिजेत. मग उलटी टीप मारा. उलटे टाके सुलट्यांपेक्षा फार लहान किंवा फार मोठे पडले तर पुढे काज करताना दोन्ही बाजू सारख्या येणार नाहीत.

तिसरी परीक्षा पातळ साडीच्या तुकड्यावर. सुई बदलून ११ नंबरची लावा. टीप मारताना कापड चुरमडते का, सुईच्या भोकात ओढले जाते का, ते पाहा. कापडाला हाताने न ओढता ते सरळ पुढे गेले पाहिजे. कापड पुढे सरकवण्याचे काम खालच्या दात्यांचे आहे, आपल्या हाताचे नाही. ओढून शिवले की सुई वाकते आणि मोडते.

चौथी परीक्षा सर्वांत कडक. १६ नंबरची सुई लावून पँटची दुमडलेली मोहरी शिवा. शिवण आडवी आली की कापडाचे सहा-सात थर होतात. तिथे पायाचे बटण अगदी हळू दाबा. सुई अडून मोटर नुसती गुणगुणते का? टाके गाळते का? मधल्या दराचे चांगले मशीन ही मोहरी हळूहळू, हाताने चाक थोडे फिरवून का होईना, पार करते. पण हेही स्पष्ट सांगतो की रोज गोधड्या, ताडपत्री किंवा बारदान शिवण्यासाठी हे मशीन नाही. ते काम काळ्या लोखंडी मशीनचे किंवा कारखान्याच्या मशीनचे.

एवढे झाले की वीज बंद करून हाताने चाक फिरवा. ते सारख्या ताकदीने फिरावे, मध्येच जड लागू नये. सुई भोकाच्या धातूला घासता कामा नये. शेवटी बॉबिन स्वतः काढून पुन्हा बसवून पाहा. हे काम दिवसातून दहा वेळा करायचे असते. ते अवघड वाटले तर मशीन कितीही गोजिरवाणे असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

वीज, सुटे भाग आणि कारागीर

या मशीनची मोटर साधारण ७० ते ८५ वॅटची असते. ८० वॅटचे मशीन दिवसाला ४ तास, महिन्यात २५ दिवस चालवले तर ८ युनिट वीज लागते. म्हणजे विजेच्या बिलाची धास्ती नको. प्रश्न आहे तो वीज असण्याचा. आपल्या गावात दुपारी वीज नसेल आणि बाईला मोकळा वेळ दुपारीच मिळत असेल, तर विजेवरचे मशीन झाकूनच राहणार.

माझ्या पाहण्यात असे एक घर आहे. कापसाच्या पैशातून हौसेने चांगले पांढरे मशीन आणले. सकाळी शेत, दुपारी भारनियमन, रात्री स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. त्यातच शटल बिघडले. कारागीर जिल्ह्याच्या गावी, जाण्या-येण्यात एक मजुरी बुडते. मशीन चांगले होते, पण त्या घरासाठी नव्हते. शेवटी वहिनींनी सासूबाईंचे जुने पायमशीन माळ्यावरून खाली काढले आणि लेकींचे दिवाळीचे परकर त्यावर शिवले.

म्हणून दुकानातच तीन गोष्टी विचारा. सुया, बॉबिन आणि मोटरचा पट्टा तालुक्याच्या बाजारात मिळतात का? दुरुस्ती करणारा माणूस किती लांब आहे? हमीपत्रावर दुकानाचा शिक्का, तारीख व मशीनचा क्रमांक घालून मिळेल का, आणि मोटर त्या हमीत येते का? पक्के बिल घ्याच. बिलाशिवाय हमीपत्र हा कागदाचा कपटा आहे.

कोणत्या घराला कोणते?

फाटके-तुटके सांधणे, गोधडी, पिशव्या आणि घरचे साधे कपडे एवढेच काम असेल आणि विजेचा भरवसा नसेल, तर काळे पायमशीनच घ्यावे. त्याला बाजूने छोटी मोटर बसवता येते. वीज असेल तेव्हा मोटर, नसेल तेव्हा पाय.

घरातल्या बाईला किंवा लेकीला शिवण येत असेल, पोलक्यांची कामे मिळण्याजोगी असतील, काज आणि कड बांधणे घरीच करायचे असेल, आणि दिवसातून तीन-चार तास वीज हमखास असेल, तर मधल्या दराचे झिगझॅग मशीन जरूर घ्यावे.

शिवण अजून शिकायचे असेल तर आधी शिकावे, मग मशीन घ्यावे. शिकेपर्यंत बचत गटातल्या मैत्रिणीच्या मशीनवर हात बसवावा. हात बसला की आपल्याला काय हवे तेही कळते.

आता पैशाचा हिशोब. समजा, मशीन, कात्री, स्टूल, दोरे धरून १२,००० रुपये लागले. शिंप्याचे वाचलेले आणि बाहेरच्या कामाचे मिळून, दोरा व वीज वजा जाता, महिन्याला ६०० रुपये पडले तर २० महिन्यांत पैसे फिटतील. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या गावचे शिलाईचे दर घालून हा हिशोब वहीत मांडावा. आणि एक लक्षात ठेवावे : पेरणी आणि वेचणीच्या महिन्यांत शिवायला वेळ मिळत नाही. वर्षाचे बारा महिने न धरता आठच धरावेत. तसे केले तर २० महिन्यांच्या कामाला अडीच वर्षे लागतात. हप्त्यावर मशीन घेणाऱ्यांनी हे विशेष पाहावे, कारण हप्ता मात्र बाराही महिने येतो.

सरकारी मदतीविषयी पुष्कळ जण विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. पण ती शिंपीकाम हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्यासाठी आहे, घरापुरते शिवणाऱ्यांसाठी नाही, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. 'मोफत शिलाई मशीन मिळेल, अर्जाची फी भरा' असे निरोप मोबाइलवर फिरतात. त्यांना एक पैसाही देऊ नये, मोबाइलवर आलेला आकडा कोणाला सांगू नये. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

घरी आणल्यावर

शेतकऱ्याच्या घरात धूळ, भुसा आणि उंदीर हे मशीनचे तीन वैरी. काम संपले की वायर काढून गुंडाळावी, जाड कापडाचे झाकण घालावे आणि धान्याच्या पोत्यांजवळ मशीन ठेवू नये. उंदराने वायर किंवा पट्टा कुरतडला की खर्च दारात उभा. आठवड्यातून एकदा, वीज काढून, दात्यांखालचा आणि शटलमधला तंतूंचा कचरा बारीक ब्रशने काढावा. माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागीच शिलाई मशीनचे पातळ तेल थेंब-थेंब घालावे. खोबरेल किंवा खाण्याचे तेल घालू नये, ते थिजते, चिकट होते आणि मशीन जड चालू लागते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारावी, म्हणजे नव्या कापडाला डाग पडणार नाही. सुई बोथट झाली की कापडावर टकटक आवाज येतो. आवाज आला की सुई बदलावी, मोडेपर्यंत वाट पाहू नये.

येत्या बाजाराच्या दिवशी मशीन पाहायला जाणार असाल तर आज रात्रीच ते चार तुकडे आणि दोन दोरे पिशवीत घालून ठेवा, आणि वहिनींना बरोबर न्या. दुकानदार थोडा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

पुढील अंकी : कोठीतले धान्य आणि पावसाळ्यातील कीड.