गाठीला बारा लाख, तरी बँक का अडते?

राजूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहरांचे बांगड्यांचे दुकान आहे. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा विकून १२ लाख हाती आले आणि १८ लाखांचे घर पसंत पडले. उरलेल्या ६ लाखांसाठी बँकेत गेले तर नकार. त्या विचारतात, ‘दोन हिस्से पैसा आमचा, एकच हिस्सा बँकेचा, मग भीती कसली?’

प्रश्न रास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. इथे तर ३३ टक्केच मागितले. पण तारण उपयोगी पडते ते कर्ज थकल्यावर. हप्ता जातो दरमहाच्या मिळकतीतून, आणि ती मिळकत कागदावर दिसावी लागते. अंगारकीला राजूरला गर्दी लोटते, गल्ला भरतो. एरवी आठवडाच्या आठवडा सुना जातो. आयकर विवरणपत्र भरलेले नसेल, विक्रीचा पैसा खात्यात येत नसेल, तर बँकेच्या लेखी ती अंगारकी आलीच नाही.

कागदावर महिना १२,००० दिसतात असे धरू. मिळकतीच्या ४० ते ५० टक्क्यांहून मोठा हप्ता बँका सहसा बसू देत नाहीत. म्हणजे फार तर ६,०००. आता ९ टक्के दराने ६ लाखांचा हप्ता पाहा. १० वर्षांसाठी सुमारे ७,६००, तो बसत नाही. २० वर्षांसाठी सुमारे ५,४००, तो बसतो. पण फेड होते जवळजवळ १३ लाखांची. घेतले ६, व्याजच ७! मिळकत कमी म्हणून मुदत लांबवायची, आणि मुदत लांबली म्हणून कमी मिळकतवाल्यानेच व्याज जास्त भरायचे. त्यातून शौहरांनी पन्नाशी ओलांडलेली असेल तर २० वर्षे मिळणेही कठीण. कमावता मुलगा सहकर्जदार झाला तर दोघांची मिळकत एकत्र धरतात, मुदतही वाढते. मात्र उद्या त्याचे लग्न झाले, तो जालन्याला वेगळा राहिला, तरी हप्त्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. हे त्याला आधी सांगा.

व्याजाची टोचणी त्यांच्या पत्रातही आहे. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. त्यामुळे ही सोय बँकेत मिळेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. नाइलाजाच्या कर्जाविषयी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. तो फैसला या सदराने करायचा नाही.

आमचे मत विचाराल तर १८ लाखांचे घर सोडा. १२ लाख ही लहान रक्कम नाही. लहानसा बिगरशेती प्लॉट घ्या, पाया वरच्या मजल्याला पेलेल असा घाला, सध्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढेच बांधा. फरशी, रंग मागून होईल. दीड-दोन लाखांना मात्र हात लावू नका. दुखणे-खुपणे आणि दुकानाचा माल उसनवारीवर चालत नाही. पाहुण्यांना दाखवायला दिवाणखाना हवा, हा हट्ट बहुधा पुरुषमंडळींचाच असतो!

तरीही तेच घर घ्यायचे असेल, तर कर्जमंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत मोठा इसार देऊ नका. नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा मागतात. इसारपावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत’ हे वाक्य लिहून घ्या. विकणारा ‘रोखच द्या’ म्हणाला तर ऐकू नका. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि खात्यातून न गेलेला पैसा तुम्ही भरलाच, हे बँकेला पटवणार कसे? खरेदीखत भगिनीच्या एकटीच्या नावे केले तर महाराष्ट्रात महिलांना निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. १८ लाखांवर ते १८,००० होतात. दस्तनोंदणीआधी वकिलाला याविषयी जरूर विचारा.